हिरव्या डोळ्यावरचा हात

मी डोळा असलेला रेडिओ बोलतोय. कपाळाच्या मधोमध माझा एकच डोळा, हिरवा. स्टेशन हुकलेलं असलं की त्यात काळी फट दिसते, नेमकं लागलं की फट मिटते. या डोळ्यापायी मी जिवंतपणी भंगारात निघालो होतो. तेच सांगतो. गोड करून सांगायची मला सवय नाही.

माझ्या पाठीवर कारखान्याचा शिक्का आहे, पण आतली तार न तार बायांनी गुंडाळलेली. तोंडाने सासवांची उणीदुणी चाललेली आणि बोटांत केसाएवढी तांब्याची तार. एकीचाही वेढा चुकला नाही. भिंतीवर फोटो मात्र लागला फोरमनचा.

मला घरी आणलं आलोइझने. नित्रा नदीकाठच्या एका गावात तो रेल्वेचं फाटक सांभाळायचा. दिवसा मी चारचौघांसारखा बोलायचो. पीकपाणी, बँड, भाषणं, परत भाषणं. संध्याकाळी पडदे ओढले की आलोइझ माझा काटा हळूच सीमेपलीकडच्या व्हिएन्ना स्टेशनकडे सरकवायचा. हे ऐकणं त्या काळच्या सरकारला खपत नसे. ऐकणाऱ्याची नोकरी जायची, कधी माणूसच जायचा.

माझ्या काचेमागचे दिवे त्याने केव्हाच काढून टाकले होते. डोळा मात्र काढता येईना. तो नसला तर खरखरीत स्टेशन नेमकं कुठे आहे ते कळायचं नाही. आणि असला तर त्याचा हिरवा उजेड पडदा ओलांडून थेट रस्त्यावर.

मग त्याने पोरीला कामाला लावलं. ओटिलिया त्याची थोरली.

"ओटी, हात ठेव."

ती स्टुलावर चढायची, माझ्या डोळ्यावर तळहाताची झोपडी करायची आणि नाक काचेला लावून आत बघायची. बाप काटा फिरवायचा. फट मिटली की ती कुजबुजायची, "मिटली, बाबा." मग व्हिएन्ना बोलायचं आणि घर श्वास रोखून ऐकायचं. बातम्या संपेपर्यंत तिचा हात हलायचा नाही. दुखायचा, तरी हलायचा नाही.

एकदा ऐन बातम्यांत शेजारचा गुस्ताव आला. गावातल्या कागाळ्या वर पोचवण्याचं काम त्याच्याकडे असायचं. आलोइझने झटकन मला बंद केलं. गुस्ताव बोलत बोलत माझ्याजवळ आला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून उभा राहिला. मी तापलेला. बंद करता येतं, गार कसं होणार?

"रेडिओ गरम लागतोय, आलोइझ."

पोरगी म्हणाली, "मांजर बसलं होतं त्यावर."

"कुठंय मांजर?"

"तुमच्याकडे गेलं, काका. आमच्यात सॉसेज नसतं ना."

गुस्ताव हसला नाही, पण गेला.

पुढे धाकटा बोहुश जन्मला. तो कळता होईतो घरात टीव्ही आला आणि मी टीव्हीखालचं स्टूल झालो. तळहात, फट, गुस्ताव यातलं त्याने काहीच पाहिलं नाही. मग आलोइझ वारला, घर विकलं गेलं आणि मी कोंबड्यांच्या खुराड्यात गेलो. कोंबड्यांनी माझ्यावर काय केलं ते विचारू नका.

तिथून मला बाहेर काढलं ओटिलियानेच. आता ती शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. आवाज असा की पातेलीसुद्धा सरळ उभी राहतात. बापाची म्हणावी अशी दुसरी वस्तू तिच्याकडे उरली नव्हती. कोरड्या फडक्याने तिने मला पुसलं आणि बोहुशकडे दिलं, कारण बोहुशला जुन्या रेडिओंचं वेड.

"याला बोलता कर. बदलायचा नाही, कुणाला द्यायचा नाही. ऐकतोयस का?"

"हो ताई."

पुरुष दुसरीकडे बघत जसं हो म्हणतात, तसं हो.

बोहुशचा हात चांगला आहे, खोटं कशाला बोलू. तळघरात बसून त्याने माझे सडके भाग बदलले. अंधाऱ्या कोपऱ्यात मला सुरू केलं आणि माझा डोळा हिरवागार लागला. बोहुशने शीळ घातली. त्या शिळेतच मला घात ऐकू आला.

वसंतात आमच्या भागातल्या रेडिओवाल्यांचा अदलाबदलीचा बाजार भरतो. त्याला सगळे बुर्झा म्हणतात. सांस्कृतिक भवनाचा हॉल, उंच खिडक्या, भरपूर ऊन, टेबलांवर आमच्यासारखे म्हातारे. बोहुशने मला घोंगडीत गुंडाळून तिथे नेलं आणि कोलोमानच्या टेबलावर ठेवलं.

कोलोमानला रेडिओ नको असतात, डोळे हवे असतात. माझ्या जातीचे डोळे आता कुठे बनत नाहीत. तो डोळा उपटून घेतो आणि आपल्या चकचकीत यंत्रांना लावतो.

"आणि बाकीचं?" बोहुशने विचारलं. निदान विचारलं तरी.

"पेटीत बायको कांदे ठेवते. उरलेलं भंगारात."

कोलोमानच्या टेबलावर एक लष्करी रिसीव्हर होता. बोहुश कित्येक वर्षं त्याच्याभोवती घिरट्या घालत होता. माझ्या बदल्यात त्याने तो मागितला. दोघांनी टाळी दिली. संपलं. बुर्झात टाळी वाजली की व्यवहार झाला, तो बापालाही मोडता येत नाही.

एवढ्यात दार दणकन उघडलं. ओटिलिया, हातात पातेलं. ती बोहुशच्या घरी आंबट कोबीचं सूप द्यायला गेली होती आणि तिथे त्याच्या बायकोने सगळं सांगून टाकलं होतं. ते पातेलं तिने कोलोमानच्या टेबलावर असं आपटलं की लष्करी रिसीव्हरसुद्धा हादरला.

"काय सांगितलं होतं तुला मी?"

"ताई, हळू. लोक बघतायत."

"बघू देत! बघायलाच आलेत. रेडिओ उचल."

"टाळी झाली, ताई."

"कुणाच्या रेडिओवर टाळी दिलीस? तुझ्या?"

कोलोमान शांतपणे मिशी पुसत म्हणाला, "बाई, टाळी म्हणजे टाळी. भावाबहिणींचं भांडण घरी जाऊन करा."

"तू मधे बोलू नकोस. तुझ्या घरात कांदे ठेवायला टोपली नाही का?"

हॉलमध्ये खसखस पिकली. पण नियम तो नियम. बुर्झा चालवणारा देझो काका काठी टेकत आला. त्याने ओटिलियाचं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "टाळी मी मोडू शकत नाही, पोरी. पण डोळ्यावरचा सौदा आहे, तेव्हा डोळा उजेडात बघायचा. कोलोमानला पटला नाही तर सौदा आपोआप मोडतो. पटला तर मात्र तू गप घरी जायचं."

आता डोळा बघायची तिथली रीत सांगतो. हॉलच्या लख्ख उजेडात, एका हाताच्या अंतरावरून. आणि हाताची सावली धरायची नाही. सावलीत कुठलाही मरता डोळा हिरवा दिसतो.

देझो काकाने आपला बल्ब आणला. जुना रेडिओ थेट विजेला जोडत नाहीत, मधे बल्ब ठेवतात. बल्ब भकभकत राहिला तर आत काहीतरी जळालेलं आहे. मंद झाला तर ठीक.

बटण फिरलं. बल्ब भक्कन पेटला. बोहुशने ओठ चावला. ओटिलियाने पातेल्याचा कान घट्ट धरला. बल्ब तसाच. माझ्या अंगात वीज शिरत होती आणि मला कळेना काय मागावं. चमकलो तर माझा डोळा उपटणार. नाही चमकलो तर सगळ्या गावासमोर मी आंधळा. इतकी वर्षं खुराड्यात काढलेल्यालाही अब्रू असते हो.

बल्ब मंद झाला. माझ्या पोटातल्या काचेच्या नळ्या, म्हणजे व्हॉल्व्ह, तापल्या. आधी घुमघुम, मग खरखर. सगळे जवळ सरकले. कोलोमान हातभर मागे उभा राहून माझ्या कपाळाकडे बघत राहिला.

"कुठंय?"

"तापतोय अजून," बोहुश म्हणाला.

थांबले. खिडकीतून ऊन थेट माझ्या तोंडावर. कोलोमानने डोळे बारीक केले.

"बोहुश, यात उजेडच नाही."

"आहे! असा बघ," म्हणत बोहुशने घाईघाईने माझ्या डोळ्यावर हात आडवा धरला.

"हात काढ!" अख्खा हॉल ओरडला. देझो काकाने त्याच्या मनगटावर काठी टेकवली. "तळघरात बघितला होतास ना, रे?"

बोहुशच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. सगळे हसले, पण तोंड दाबून. त्या हॉलमध्ये असा एकही नव्हता ज्याने आयुष्यात एकदा तरी तळघरात डोळा बघून हॉलमध्ये नाक कापून घेतलं नव्हतं.

"आंधळा आहे," कोलोमान म्हणाला आणि लष्करी रिसीव्हर आपल्याकडे ओढला. "सौदा मोडला. बाई, तुमचं पातेलं उचला."

वाचलो, आणि लाजेने अर्धा झालो. आंधळा! मला तेव्हा कुठे समजलं. रोज संध्याकाळी, वर्षानुवर्षं, माझा सगळा उजेड एका पोरीच्या तळहातात खर्च झाला होता. तो किती उरलाय हे बाहेरून कधी कुणी पाहिलंच नव्हतं.

ओटिलिया वाकली. भरड्या, भाजलेल्या, कोबीचा वास येणाऱ्या तळहाताची तिने माझ्या डोळ्यावर झोपडी केली आणि नाक काचेला लावलं. दुसऱ्या हाताने काटा फिरवू लागली. हळू. अगदी बाप फिरवायचा तसा. आता कुणी तिला हात काढ म्हटलं नाही. खरखर, शीळ, खरखर, आणि मग एकदम एका बाईचा स्वच्छ आवाज, कुठलंसं हवामान सांगणारा.

"मिटली, बाबा," ती पुटपुटली.

"काय म्हणालीस, ताई?"

"तुला नाही म्हटलं. पातेलं उचल. आणि सांडलंस तर बघ."

ती मला कडेवर घेऊन चालत बस थांब्यापर्यंत गेली. बोहुश मागून पातेलं घेऊन. वाटेत दोनदा तो म्हणाला, "चुकलं, ताई." दुसऱ्यांदा तिने ऐकलं.

आता मी तिच्या स्वयंपाकघरात, खिडकीच्या फळीवर असतो. पडदे उघडे असतात. बोलतो, चांगला बोलतो. येणारेजाणारे बघतात आणि म्हणतात, याचा डोळा गेलाय की. ओटिलिया त्यांच्या अंगावर डाव उगारते.

तुमच्याकडे असा कुणी जुना असेल, तर माझं एक ऐका. त्याला उजेडात उभं करून हातभर लांबून पारखू नका. जवळ या, नाक काचेला लावा आणि हात ठेवा. बुर्झाचा नियम बुर्झात. घरात सावली धरायची असते.