मागापाशी बसलेला कुत्रा

मेश्रामांच्या घरातून भुतं एकोणीसशे छप्पन्न सालीच, आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा, बाहेर काढण्यात आली होती आणि ती परत आलेली नव्हती. भंडाऱ्याच्या शेल्टरमधून आणलेल्या कुत्र्याला हे कोणी सांगितलं नव्हतं. साखळी सुटताच तो आपला वासराएवढा देह घेऊन सरळ आतल्या खोलीत गेला, परसरामच्या हातमागासमोर बसला आणि मान डावीकडे कलती करून ऐकू लागला.

परसरामला जाऊन चार महिने झाले होते.

"काय पाहून राहिला रे हा?" परसरामच्या बायकोने, ललिताबाईंनी, मुलाला विचारलं.

"मागाच्या खड्ड्यापाशी गार लागते, माय. बाकी काई नाही," धम्मदीप म्हणाला. "दहा महिन्याचा हाय. अजून वाढन."

"अजून?"

धम्मदीप भंडाऱ्याच्या शाळेत विज्ञान शिकवत असे. आईने आंधळगावात एकटं राहू नये असं त्याचं मत होतं. घर सोडायचं नाही असं आईचं. कुत्रा हा या दोन मतांमधला तह होता. तहाचं दुसरं कलम असं, की माग विकायचा. नागपूरच्या एका हॉटेलवाल्याला तो दर्शनी भागात शोभेला ठेवायचा होता. दलाल धनीराम रविवारी टेम्पो घेऊन येणार होता. या कलमावर ललिताबाई काहीच बोलल्या नव्हत्या. मागावर अर्धं राहिलेलं कोशाचं रेशमी कापड रोज झटकणं मात्र त्यांनी सोडलं नव्हतं.

कुत्रा खाई, अंगणात फिरे, पण दुपार झाली की मागासमोर येऊन बसे. परसरामची विणायला बसायची वेळ तीच. मान डावीकडे, डोळे रिकाम्या बैठकीवर. मधूनच तो डोकं झटकी, जणू समोरच्याचं बोलणं पटलं नाही. परसरामचं बोलणं तसंही फारसं कोणाला पटत नसे.

रविवारी धम्मदीप आला होता. धनीराम माग खोलायचा पाना घेऊन आत आला आणि दारातच थबकला. कुत्रा भुंकला नाही. त्याने वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"वहिनी, हा कोणाचं ऐकून राहिला?"

"कोणाचं नाही, धनीरामभाऊ. आमच्यात नसते तसं."

"तुमच्यात नसन. याच्यात असते का, ते पहा."

त्याने एक पाय मागाखालच्या खड्ड्यात सोडला. कुत्र्याने डोकं झटकलं. धनीरामने पाय वर घेतला.

"मी काई मानत नाही," तो धम्मदीपकडे वळून म्हणाला. "पण गुरुजी, तुम्ही सांगा."

गुरुजी भिंतीकडे पाहत होते. भुतं मानायची नाहीत, हे त्या घरात ठरलेलं होतं. एखादं आलंच तर काय करायचं, हे ठरलेलं नव्हतं.

"राहू द्या," धम्मदीप शेवटी म्हणाला. "कापड तरी उतरू द्या आधी."

"कोण उतरवन?"

टेम्पो रिकामा गेला. धम्मदीपही चहा न घेता भंडाऱ्याच्या गाडीत बसला.

ललिताबाईंनी दार लोटलं, कुत्र्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि त्याचा डावा कान उलटा केला. पहिल्याच दिवशी अंगावरून हात फिरवताना तिथली गोचीड त्यांच्या बोटाला लागली होती. आता टम्म फुगली होती. त्यांनी ती चिमटीने उपटली, चुलीत टाकली आणि त्याच्यापुढे दूधभात ठेवला.

"झालं बाबू तुझं काम," त्या म्हणाल्या. "माग राहिला."

दुसऱ्या दिवशी दुपारी कुत्रा उठला, मागासमोर जाऊन बसला आणि त्याने मान कलती केली. या वेळी उजवीकडे.

ललिताबाईंच्या हातातलं सूप थांबलं. घरात आवाज नव्हता. मागावरचं कापड हलत नव्हतं. कुत्र्याचे डोळे बैठकीवरून ढळत नव्हते. त्यांनी सूप खाली ठेवलं. मग त्यांनी परसरामसमोर घेत तसा डोक्यावरून पदर घेतला. चार महिन्यांत तो घेतला नव्हता.

"काय म्हणते?" त्यांनी हळूच विचारलं.

कुत्र्याने डोकं झटकलं.

त्या उठल्या, त्याच्या शेजारी बसल्या आणि उजवा कान उलटा करून पाहिला. त्यातही एक होती.