ज्या चालीवर कोणी नाचत नाही

जमनाबाई माझ्या घरी आल्या तेव्हा मी भिंतीत खिळा ठोकत होतो. यवतमाळच्या एका कॉलेजात ‘लोकप्रिय संगीतप्रकारांची उगमस्थाने’ या विषयावरचं दोन दिवसांचं राष्ट्रीय चर्चासत्र आदल्याच दिवशी संपलं होतं आणि त्याचं प्रमाणपत्र मला दर्शनी भागात लावायचं होतं. राष्ट्रीय म्हणजे आदिलाबादहून एक गृहस्थ आले होते.

चर्चासत्रात ‘हिला दे तांडा’ या गाण्यावर पाऊण तास खल झाला. हे गाणं त्या साली, म्हणजे दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात, आमच्या जिल्ह्यात डासांसारखं पसरलं होतं. काळी-पिवळीत बसा, हे गाणं. पानटपरीवर थांबा, हे गाणं. कापसाच्या नापिकीची पाहणी करायला दिल्लीहून पथक आलं, तर त्यांच्या स्वागताच्या मांडवातही हेच. एका विद्वानांनी ही चाल मारवाडातून आल्याचं सिद्ध केलं. दुसऱ्यांनी ती मध्य आशियात नेली. तिसरे आफ्रिकेपर्यंत पोचले आणि जेवणाची वेळ झाल्यामुळे तिथेच थांबले. मी सत्राचा अध्यक्ष होतो. समारोपात मी म्हणालो की, उगमाचं नदीसारखं असतं, शोधायला जावं तर हाताला फक्त ओल लागते. टाळ्या पडल्या. जेवणात श्रीखंड होतं.

ही चाल कुठून आली हे त्या सभागृहात फक्त मला माहीत होतं. ती माझ्या कपाटातून आली होती.

“खिळा मंग ठोका, मास्तर,” जमनाबाई दारातूनच म्हणाल्या. “माया नातीचं लग्न हाय सोमवारी. केसुलीचं.”

“अरे वा. या, बसा.”

“आवतन द्याले नाही आली मी. आमची चाल न्याले आली. आठ सालाखाली नेलती ना तुमी? वापस द्या.”

आमच्या पांढरकवड्यापासून आठ किलोमीटरवर त्यांचा तांडा. अठ्ठ्याण्णव साली एका लघुशोध प्रकल्पासाठी मी टेपरेकॉर्डर घेऊन तिथे गेलो होतो. मला ढावलो हवा होता. बंजारा समाजात लग्न झालेली मुलगी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून जे रडगाणं म्हणते, ते. महिनाभर आधीपासून म्हाताऱ्या तिला शिकवतात. बापाला काय म्हणायचं, भावाला काय, दारच्या गाईला काय. रडायचं, पण चालीत रडायचं. जमनाबाईंच्या घराण्याचा ढावलो अवघ्या तालुक्यात नावाजलेला. त्यांनी दार लावून तो मला म्हणून दाखवला आणि नंतर डोळे पुसून सांगितलं, “हे रडनं हाय मास्तर. पोरगी बापाच्या गळ्यात पडते तेव्हाचं. एरवी आमी तोंडातून काढत नाही. पेटीत ठेवजा.”

मी पेटीत ठेवलं, पेटी कपाटात. सहा वर्षं ठेवलं. सातव्या पावसाळ्यात कॅसेटीला बुरशी आली आणि मी ती माझ्या भाच्याकडे, पियूषकडे दिली. त्याचा यवतमाळला रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. “सीडी करून देतो मामा, शंभर वर्षं टिकेल,” तो म्हणाला. सीडी त्याने दिली. वर्षभराने बस स्टँडवर मी उसाचा रस पीत असताना जमनाबाईंचं रडणं तिप्पट वेगाने, खाली ढोल आणि वर शिट्ट्या लावून माझ्या कानावर आलं. ज्या जागी त्यांचा श्वास अडकला होता तिथे पियूषने एका मुलीचा ‘ओये होये’ भरला होता.

मी त्याला फोन केला होता. नाही असं नाही.

“पारंपरिक आहे मामा,” तो म्हणाला. “सीडीवर लिहिलंय तसं. चाल : पारंपरिक.”

“पारंपरिक म्हणजे कोणाची?”

“कोणाचीच नाही. म्हणून तर पारंपरिक.”

दुसऱ्या दिवशी त्याने पेढ्यांचा पुडा पाठवला. मी तो खाल्ला.

आता जमनाबाई समोर बसल्या होत्या आणि माझ्या हातात हातोडी होती. मी त्यांना समजावू लागलो की, चाल ही अमूर्त गोष्ट असते, ती एकदा समाजात गेली की तिच्यावर कोणाचा, म्हणजे एका अर्थी...

“दिग्रसकडच्या तांड्यातली गोठ सांगू का?” त्यांनी मध्येच विचारलं. “माघात लग्न झालं. पोरगी बापाच्या गळ्यात पडली, ढावलो सुरू केला. वरातीतले पोट्टे नाचाले लागले. तिच्या भवती गोल करून. कोनी दहाच्या नोटा ओवाळल्या तिच्यावरून. म्हने, वन्स मोर. पोरगी मुकी झाली, तशीच गाडीत जाऊन बसली. सासरी तिले आता काय म्हन्तेत, ठाऊक हाय? रीमिक्स. सासू हाक मारते, ए रीमिक्स, पानी आन.”

मी हातोडी खाली ठेवली. पाण्याचा तांब्या घेऊन माझी बायको मंजुषा बाहेर आली. “जा ना त्यांच्याबरोबर,” ती म्हणाली. “उगमस्थान दारात आलंय.”

केसुलीचं सासर फुलसावंगीचं. वरातीसाठी त्यांनी पांढरकवड्याच्याच नजीरची संदल पार्टी ठरवली होती, आणि ती ठरवताना ‘हिला दे तांडा’ किमान पाच वेळा, अशी अट घातली होती. म्हणून मी जमनाबाईंना घेऊन नजीरच्या गॅरेजवर गेलो. गॅरेज हैदराबाद रोडला. दिवसा तिथे ट्रक दुरुस्त होतात. संध्याकाळी त्यांतल्याच एकावर चोवीस भोंगे, कीबोर्ड आणि पॅड चढतात आणि त्याला संदल म्हणतात.

नजीरने सगळं ऐकून घेतलं. हात पुसले. जमनाबाईंना खुर्ची दिली, मला टायर दिला.

“मावशी, मी समजतो,” तो म्हणाला. “संदल म्हंजे काय, सर? तुमी तं शिकलेले.”

“चंदन.”

“चंदन. उरूसाले मजारीवर चढवतात ते. माये दादा ते ताट डोक्यावर घेऊन अनवाणी चालत जाये. मागं दफ वाजे, बस. लोक बाजूले होऊन मान खाली घालत. आता संदल म्हटलं का हा ट्रक. पोट्टे पिऊन येतात आन् म्हन्तात, चाचा, संदल एकदम कडक पायजे.”

“मग तुम्हाला वाईट नाही वाटत?”

“वाटलं ना. दोन-तीन साल वाटलं. मंग मीच ट्रक घेतला.”

जमनाबाई म्हणाल्या, “सोमवारी ढावल्याच्या टायमाले बंद ठेवशीन का, बापा?”

“बंद ठेवतो. कसम. पन कायचा उपयोग? पोट्टे तोंडानं वाजवतात. पिंपावर वाजवतात. पोरीनं पहिला सूर लावला का याइले तेच गानं आठवते. चाल पायात गेली त्याइच्या, मावशी. पायातून काढाचं इंजेक्शन नाही निघालं अजून.”

गॅरेजमध्ये एक पोलादी पाना पडल्याचा आवाज झाला. जमनाबाईंनी मान वर करून ट्रक पाहिला. “मले एक सांग,” त्या म्हणाल्या. “असं गानं हाय का कोन्तं, ज्याच्यावर हे लोक नाचत नाही?”

मी घसा साफ केला. म्हणालो की करुण रसाच्या दृष्टीने पाहता काही पारंपरिक...

“सर, याइले करुन-बिरुन नका सांगू,” नजीर म्हणाला. “मागं वनीले एका मयतीत बोलावलं आमाले. म्हातारा शौकीन होता म्हने. तिरडीपुढं नाचले. भजन लावा, नाचतात. अजानचा भोंगा लागला म्हून मी थांबलो, तं त्याच्यावरबी एक जन नाचून राह्यला होता.” तो हसला. “एकच हाय. सातमजली.”

सातमजली हे कापसाच्या बियाण्याचं नाव. आदल्या मे महिन्यात कंपनीची जीप गावोगाव फिरली होती. तिच्यावर नजीरचीच पोरं वाजवायची : ‘पेरा सातमजली, पेरा सातमजली, पहिल्या मजल्यावर बोंड, सातव्यावर दिवाळी.’ रेडिओवर तेच, बाजारात तेच. अख्ख्या जिल्ह्याने पेरलं. कार्तिकात लाल्या आला आणि झाडं पहिल्या मजल्यापासून सातव्यापर्यंत गंज चढल्यासारखी लाल होऊन वाळली. तेव्हापासून ती जीप कोणी पाहिलेली नाही.

“मार्चात एका वरातीत माया कीबोर्डवाल्याचं बोट चुकून त्या बटनावर पडलं,” नजीर सांगत होता. “मावशी, दोनशे मानूस नाचून राह्यलं होतं. जागच्या जागी थांबलं. हात वर होते ते वरच राह्यले. कोनी बोललं नाही, कोनी शिवी नाही देल्ली. एक बुढा तं चप्पल शोधून घरी चालला गेला.”

“कोन्ती चाल हाय ते?” जमनाबाईंनी विचारलं.

“आयकली असन तुमी.”

“म्हन.”

नजीरने गुणगुणली.

“फिरून म्हन. सावकाश.”

त्याने पुन्हा गुणगुणली. असं चार वेळा झालं. जमनाबाई चहा पीत ऐकत होत्या आणि बोटाने गुडघ्यावर काहीतरी मोजत होत्या. मला वाटलं, म्हातारी चहा निवेपर्यंत वेळ काढते आहे. मी घड्याळ पाहिलं. लोकसंगीताचा अभ्यासक म्हणून माझी जी काही ख्याती आहे ती अशीच झाली आहे.

सोमवारी मी लग्नाला गेलो. खांद्याला झोळी होती आणि झोळीत सवयीने छोटा टेपरेकॉर्डर.

लग्न तांड्याच्या मधल्या मोकळ्या जागेत होतं. सकाळचे अकरा आणि ऊन असं की ताटलीतले बुंदीचे दाणे एकमेकांना चिकटले होते. नजीरने अट पाळून ‘हिला दे तांडा’ पाच वेळा वाजवलं होतं. पोरांनी मागणी करून ते अकरा वेळा केलं. नवरदेवाचा चुलता देवसिंग, लठ्ठ आणि घामेजलेला, स्वतः दोनदा नाचला. जमिनीवर पडून नाचणारा एक जण तसाच झोपी गेला होता आणि त्याच्या तोंडावर माशा नाचत होत्या. एकाने तोंडात रुमाल धरून नागीण केली. मागच्या बाजूला जमनाबाई केसुलीची ओढणी नीट करत होत्या आणि ज्या गळ्यातून हे सगळं निघालं होतं तो गळा घोटभरही हलत नव्हता.

निरोपाची वेळ झाली. नजीरने बोलल्याप्रमाणे ट्रकचा जनरेटरच बंद केला. पोरं ओरडली, पण पांगली नाहीत. उलट जवळ आली. त्यांना माहीत होतं आता काय येणार. केसुलीचा बाप लालसिंग अंगणात उभा राहिला आणि केसुली त्याच्याकडे चालत गेली तसे पोरांनी गोल केला. कोणीतरी पिंप ओढून आणलं. नागीणवाल्याने रुमाल पुन्हा दातात धरला. देवसिंगने खिशातून दहाची नोट काढून बोटांत उभी धरली.

केसुलीने बापाच्या गळ्यात हात टाकले आणि सूर लावला.

पिंपावर एक थाप पडली. एकच.

‘बापू, तुझ्या वावराची माती माझ्या टाचेत आहे,’ असं काहीसं ती तिच्या बोलीत म्हणत होती. ‘सासरी पाय धुतील, बापू, त्यांना सांग, टाच नका धुऊ.’ शब्द ढावल्याचे, रडणं ढावल्याचं. चाल सातमजलीची. जाहिरातीहून चारपट सावकाश आणि ‘दिवाळी’च्या जागी एक लांब हुंदका.

मी माणसांकडे पाहिलं. नोट देवसिंगच्या बोटांतच होती, हात मात्र खाली आला होता. नागीणवाल्याने रुमाल दातांतून काढला आणि त्याचं काय करावं हे न सुचून घडी घालायला घेतला. जुने लोक तांड्याबाहेरच्या वावरांकडे बघत होते, जिथे मागच्या सालच्या कापसाच्या वाळक्या पराट्या अजून तशाच उभ्या होत्या. लालसिंग मुलीला धरून उभा होता, आणि मला नक्की सांगता येणार नाही तो कशासाठी रडत होता. केसुली भावाच्या गळ्यात पडली, मग आईच्या, मग गाईच्या. कोणी नाचलं नाही. कोणी पाय वाजवला नाही. तिने शेवटच्या ओळीपर्यंत आपला ढावलो पूर्ण केला, आणि तिला रीमिक्स म्हणायचं कारण फुलसावंगीला गेलं नाही.

त्या चालीचे मूळ शब्द मला पाठ होते आणि तिच्या प्रत्येक हुंदक्याखाली ते मला ऐकू येत होते. पहिल्या मजल्यावर बोंड.

गाडी गेल्यावर मी जमनाबाईंकडे गेलो. त्या कुडाला टेकून बसल्या होत्या. मी म्हणालो, “जिंकलात, जमनाबाई.”

त्यांनी तोंडातली तंबाखू बाजूला थुंकली. मग पाण्याने चूळ भरली आणि तीही थुंकली.

“काय जिंकलं?” त्या म्हणाल्या. “माया याडीनं, मायनं, मले देल्लं, तिच्या याडीनं तिले देल्लं. मी पोरीले काय देल्लं? कंपनीचं देल्लं. आता तिची पोरगीबी हेच म्हनन.” त्यांनी पदराने तोंड पुसलं, जीभही पुसली. “कसं कडू झालं तोंड.”

नजीर ट्रकवर चढून वायरी गुंडाळत होता. त्याने एकदा आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा वायरी गुंडाळू लागला.

जमनाबाईंची नजर माझ्या झोळीवर गेली.

“मशीन आनली असन ना?” त्यांनी विचारलं. “भरून घ्या, मास्तर. फिरून म्हन्तो तुमच्यासाठी. हे न्या. हे नेलं तं मले काही वाटनार नाही.”

“नको,” मी म्हणालो. “राहू द्या, जमनाबाई.”

आणि झोळीत हात घालून बटण बंद केलं. ते केसुली अंगणात आली तेव्हापासून चालूच होतं.