लाकडांच्या ढिगावरून काढलेले फोटो

तोगाशी आमच्या पाहुणघरात सात दिवस राहिला आणि सातही दिवस वाडग्यातला अर्धा भात टाकून उठला. आमच्या घरात पाहुणा अन्न टाकून उठला तर मी त्याला निरोप द्यायला दारापर्यंत जात नाही, हे सगळ्या डोंगराला ठाऊक आहे. हा माणूस बावीस वर्षं येतोय, त्यालाही ठाऊक आहे. तरी वाडग्यावर चॉपस्टिक आडव्या ठेवायच्या, "छान झालं होतं, आई" म्हणायचं आणि लंगडत जाऊन कोतात्सूच्या, म्हणजे खाली शेगडी असलेल्या बुटक्या टेबलाच्या, रजईत पाय खुपसायचे. खोटं बोलायचं तर निदान पोटभर खाऊन तरी बोलावं.

लंगडत, कारण पहिल्याच सकाळी त्यानं घोटा मुरगळून घेतला. उडी मारताना नव्हे, उतारावर नेणाऱ्या लिफ्टच्या पाळण्यावरून उतरताना. अठ्ठावन्न वर्षांचा बाप्या, पायाला बर्फावर घसरायची फळी बांधून उतरला, मागच्या पोरीच्या फळीत अडकला आणि तिथेच बसला. गावातल्या हाडवैद्यानं पट्टा आवळला. म्हणाला, हाड शाबूत आहे, शिरा ताणल्यात, दोन आठवडे फळीचं नाव काढू नका. दुसरा कुणी असता तर संध्याकाळच्या गाडीनं घरी गेला असता. हा राहिला.

"घरी जाऊन तरी काय करतील, आई?" माझी सून रित्सुको म्हणाली. "कोण आहे आता घरी?"

"इथे बसून काय करणार आहे? माझ्या रजईला भोक पाडणार."

डिसेंबरात त्याचं कार्ड आलं होतं, राखाडी कडेचं, छापील. पत्नी नामिए सप्टेंबरात वारली, सुतक असल्यामुळे यंदा नववर्षाच्या शुभेच्छा नाहीत. खाली हातानं एक ओळ: फेब्रुवारीत नेहमीची खोली ठेवावी, एकट्यासाठी.

ही दोघं पहिल्यांदा आली तेव्हा आमच्या डोंगरावर फळीवाल्यांना अर्ध्या उतारावर बंदी होती. ढगळ विजारी, पिवळे केस, गावात त्यांना कुणी खोली देत नसे. माझ्या नवऱ्यानं दिली. मी चार दिवस त्याच्याशी बोलले नाही. पाचव्या दिवशी नामिए स्वयंपाकघरात आली, काही न विचारता लोणच्याच्या पिंपावर दाबायला ठेवलेला दगड उचलून खाली ठेवला आणि माझ्या शेजारी बसून बर्फाच्या पाण्यात पाला धुवायला लागली. बोटं लाल झाली तरी उठली नाही. त्यानंतर मी तिला कधी पाहुणी म्हटलं नाही.

फळीवर ती फारशी चढत नसे. तिच्या हातात कॅमेरा असायचा. आमच्या भोपळ्याच्या शेताच्या वरच्या अंगाला एक उंचवटा आहे. फळीवाले तिथून हवेत उडतात आणि आमच्या शेतात येऊन पडतात. स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं दिसतं. तोगाशी वरून उडायचा आणि नामिए उंचवट्याखालच्या खड्ड्यात, बर्फावर पोटावर पडून त्याचा फोटो काढायची. तो उठून कपडे झटकून विचारायचा, "आला का चांगला?" ती अंगठा वर करायची. तो पुन्हा वर चढायचा. वर्षानुवर्षं असंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मुळा किसत होते तेव्हा तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन बसला.

"अंत्यविधीला लावायला तिचा एक फोटो सापडला नाही, आई. घरात तीन खोकी भरून फोटो आहेत. सगळे माझे. शेवटी त्या अंत्यविधीवाल्यांनी कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून तिचा चेहरा कापून घेतला आणि खाली काळा किमोनो चिकटवला. तिच्याकडे काळा किमोनो नव्हताच."

"एवढ्या वर्षांत कधी वाटलं नाही, कॅमेरा मागून घ्यावा?"

"ती द्यायची नाही."

"मागितला होता?"

मी किसणी आपटून मुळा खाली पाडला.

"डॉक्टर म्हणाले, हे गाठीचं दुखणं वर्षभर तरी पोटात असणार," तो म्हणाला. "ती जूनमध्ये गेली त्यांच्याकडे. म्हणजे गेल्या फेब्रुवारीत आम्ही इथे होतो तेव्हाही होतं. तुम्हाला काही बोलली होती का? दुखतं वगैरे? एवढंच मला कळायला हवं. तिलाच माहीत नव्हतं असं असेल, तर मग... तर मग कुणी काही करू शकत नव्हतं."

"लोकांच्या पोटात काय चाललंय ते मी कशाला बघत बसू?" मी म्हटलं. "तीस माणसांचा स्वयंपाक असतो मला."

त्यानं श्वास सोडला. रित्सुकोनं माझ्याकडे पाहिलं आणि तो गेल्यावर म्हणाली, "सांगून टाका की, आई."

"तुझ्या पोटात कालचा भात टिकत नाही, तुला काय कळणार?"

खरं ते असं. गेल्या फेब्रुवारीत, आल्याच्या दुसऱ्या दिवशी, नामिए खड्ड्यातून उठून आत आली आणि मोरीची कड धरून उभी राहिली. चेहरा पिठासारखा पांढरा. मी विचारलं तेव्हा म्हणाली, महिनाभर दुखतंय, वाकलं की जास्त. "आई, त्यांना सांगू नका. वर्षातले त्यांचे हे पाचच दिवस असतात. घरी गेले की लगेच दाखवते." मी शब्द दिला. गरम पाण्याची पिशवी माझ्या जुन्या कमरपट्ट्यानं तिच्या पोटाला बांधली आणि मागच्या दाराशी, पागोळीखाली जळाऊ लाकडांचा ढीग असतो, त्यावर उशी टाकून तिला बसवलं. उरलेले दिवस तिनं तिथूनच फोटो काढले.

आणि शेवटच्या रात्री जेवताना, सगळ्या पाहुण्यांसमोर, हा तोगाशी कॅमेऱ्याचा पडदा बघत म्हणाला होता, "यंदा काय झालंय तुला? फूटपाथवरून खाली पाय ठेवणारा म्हातारा दिसतोय मी." सगळे हसले. तीही हसली. म्हणाली, कॅमेरा जुना झाला.

म्हणून मी त्याच्याशी खोटं बोलले. शब्द दिला होता हे एक. आणि खरं सांगण्याइतकी त्याची माझ्या लेखी किंमत नव्हती, हे दुसरं.

तिसऱ्या दिवशी त्यानं सामानातून तिचा कॅमेरा काढला. आमच्याकडे कानाझावा शहरातल्या कॉलेजच्या तीन पोरी उतरल्या होत्या. त्या उंचवट्यावरून उड्या मारत होत्या. हा काठी टेकत शेताच्या बांधावर जाऊन उभा राहिला. दुपारी आला तो तोंड पाडून. मी म्हटलं, दाखवा. एकात नुसतं आभाळ. एकात बूट. तिसऱ्यात कुणीच नाही, बर्फही राखेसारखा काळपट.

"काका, या वेळी मी आले का फोटोत?" त्यातली उंच पोरगी विचारत होती.

"आलीस. डोकं राहिलं."

"चालेल. डोक्याचं तिला फारसं काम नसतं," दुसरी म्हणाली.

मला कॅमेऱ्यातलं काही कळत नाही. पण नामिए माझ्याशी बोलत बोलत भांडी पुसायची आणि मी ऐकलेलं विसरत नाही. "माणसाच्या मागे कॅमेरा फिरवला की तो निसटतो, असं ती म्हणायची," मी त्याला सांगितलं. "माणूस जिथे येणार ती हवा आधी धरून ठेवायची. मग थांबायचं. बर्फ कॅमेऱ्याला फसवतो, त्याला सांगावं लागतं की उजेड अजून वाढव. आणि गारठ्यात बॅटरी मरते, म्हणून दुसरी काखेत ठेवायची. आणि तो थेट आत आणू नका, ऊब लागली की त्याला घाम फुटतो. पिशवीत गुंडाळून दारात ठेवायचा. तिथे, छत्र्यांच्या शेजारी. तिची जागा तीच होती."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "मला हे ती कधी बोलली नाही."

"तुम्ही कधी भांडी पुसलीत?"

चौथ्या दिवशी पोरी फोटोत यायला लागल्या. पाचव्या दिवशी तो खाली खड्ड्यात उतरला, काठी फेकून, बसून घसरत. खिडकीतून मला त्याची फक्त टोपी दिसत होती. दोन तास पडून होता. आत आला तेव्हा ओठ निळे आणि दात वाजत होते.

"आई, खाली किती गार असतं."

"मग? तिच्यासाठी तिथे काय गादी घातलेली होती?"

पण फोटो आले होते. उंच पोरगी आभाळात, फळी डोक्याच्याही वर, आणि पाठीमागून बर्फ उडालेला, तांदूळ पाखडावेत तसा. मीसुद्धा चष्मा लावून दोनदा पाहिला. तोगाशीच्या चेहऱ्यावर त्या दिवशी थोडा रंग होता. तो म्हणाला, "उडी तीच असते, आई. खालून बघितली की ती उडी दिसते. तिनं मला एवढी वर्षं उंच करून दाखवलं."

तेव्हाच मला धास्ती वाटायला हवी होती. नाही वाटली.

सहाव्या दिवशी सकाळी त्याचा घोटा मुळ्यासारखा सुजला होता आणि बर्फ कोसळत होता. तरी हा बूट चढवायला लागला. मी पीठ मळत होते, चिडले होते, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "खड्ड्यात जायचं नाही. मागच्या दाराशी लाकडांवर बसा. तिथूनही दिसतं."

रित्सुकोचा हात चुलीवर थांबला. पण शब्द गेला होता. तो बाहेर जाऊन बसला.

दुपारी बर्फ थांबला. पोरी डोंगरावर गेल्या होत्या, घरात आम्ही तिघंच. त्यानं कोतात्सूवर कॅमेरा ठेवला आणि शेजारी गेल्या वर्षीचे छापलेले फोटो मांडायला लागला, पत्ते मांडावेत तसे, एकेक. मी चहा घेऊन गेले तेव्हा तो मान वर न करता म्हणाला, "आई, जरा बसा."

मी बसले.

"हा आजचा. ही पोरगी. चांगली उडी होती, पण बघा, फूटपाथवरून उतरल्यासारखी दिसते. आणि इथे, कोपऱ्यात, ही तुमच्या पर्सिमनच्या झाडाची फांदी आलीय. खालून काढले की ही फांदी येत नाही. फक्त लाकडांच्या ढिगावर बसलं की येते." त्यानं गेल्या वर्षीचा एक फोटो माझ्याकडे सरकवला. त्यात तो स्वतः होता आणि कोपऱ्यात फांदी. मग दुसरा. तिसरा. "सगळ्यांत आहे. पहिल्या दिवसाचे सोडले तर सगळ्यांत. ती चार दिवस तिथे बसून होती. नामिए कधी बसायची नाही."

त्यानं मान वर केली.

"तुम्ही तिला तिथे बसवलंत?"

"हो."

"का?"

"उभं राहता येत नव्हतं तिला. वाकताही येत नव्हतं. पोटाला गरम पाण्याची पिशवी बांधली होती मी, कोटाच्या आत."

त्याचा हात फोटोंवर तसाच राहिला.

"म्हणजे तिला माहीत होतं."

"दुखतंय एवढं माहीत होतं. त्याचं नाव माहीत नव्हतं."

"घरी गेल्यावर मी विचारलं असतं तर... ती जूनपर्यंत थांबली." मग हळू आवाजात, "आणि मी तिला सगळ्यांसमोर काय म्हणालो."

"म्हणालात."

"तुम्ही मला त्याच दिवशी सांगायला हवं होतं, आई."

"हवं होतं."

"आणि त्या दिवशी मी विचारलं तेव्हा खोटं बोललात."

"बोलले."

रित्सुको दारात उभी होती. तिनं मला हातानं खूण केली, पुरे आता. मलाही पुरे म्हणावंसं वाटत होतं. पाच महिन्यांपूर्वी बायको गेलेला माणूस, पाय सुजलेला, समोर फोटो पसरून बसलेला. कुणीही म्हटलं असतं, जाऊ द्या, नशिबात होतं. मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला:

"सगळे मला सांगतात, तुमचा काही दोष नाही. डॉक्टर म्हणाले, भिक्षू म्हणाले, तिची बहीण म्हणाली. मला त्यातलं काही पटत नाही, आणि त्यामुळे घास उतरत नाही. तुम्ही तोंडदेखलं बोलत नाही कधी. तुम्ही सांगा. दोष कुणाचा?"

मी चहा बाजूला सरकवला.

"ऐका तर. नामिएनं दुखणं तोंडानं सांगितलं नाही, तो तिचा दोष. मी शब्दाला चिकटून बसले, तो माझा, आणि तो मी माझ्या चितेपर्यंत नेईन, त्यात तुम्हाला वाटा देणार नाही. पण तुमच्यापासून लपवायला तिला काही कष्ट पडले नाहीत, तोगाशी. खड्ड्यात पडणारी बाई लाकडांवर बसून होती, वीस पावलांवर, चार दिवस. तुम्ही दर वेळी तिच्या समोर आलात, कपडे झटकलेत आणि विचारलंत, आला का चांगला. तुमचा दोष आहे."