दारातल्या बाई

सुहासिनीबाईंनी मनूच्या बाकावरच्या डबीत खोचलेली हेडफोनची पिन अर्धा इंच बाहेर ओढली आणि लगेच पदराने डबी पुसून घेतली. वर्गात कोणी नव्हतं. पिन पडली नाही, नुसती सैल होऊन जागेवर राहिली. लांबून पाहणाऱ्याला सगळं जिथल्या तिथे दिसलं असतं. बाहेर व्हरांड्यात पालक जमू लागले होते आणि मुख्याध्यापक अनंतराव त्यांना चपला कुठे काढायच्या ते दाखवत होते.

बावीस वर्षांच्या नोकरीत बाईंनी शाळेचा खडूसुद्धा घरी नेला नव्हता, आणि आज हे.

पण त्या यंत्राने त्यांचा जीवच तसा खाल्ला होता. जूनपर्यंत सांगलीच्या या मूकबधिर शाळेत साहित्य म्हणाल तर एक आरसा, एक मेणबत्ती आणि सुहासिनीबाईंचा गळा. मुलाचा तळवा आपल्या गळ्यावर टेकवायचा, शब्द सावकाश म्हणायचा, आत काय थरथरतं ते त्याच्या बोटांना कळू द्यायचं आणि ओठांकडे बघायला लावायचं. मग मुलाने तो शब्द म्हणून दाखवायचा. गळ्यावर हात ठेवला की म्हणून दाखवायचंच, हा नियम. 'प' नीट आला की मेणबत्तीची ज्योत हलायची आणि मूल टाळ्या पिटायचं. कडेगावची मनू अशीच बोलायला लागली होती. चार वर्षं तिचा चिमुकला, जरा चिकट तळवा बाईंच्या गळ्यावर होता. बाईंना मूलबाळ नव्हतं. आंघोळ करताना गळ्याशी हात गेला की त्यांना मनूच आठवायची, आणि हे त्यांनी नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं.

मग उमा आली. मुंबईहून वर्षाचं प्रशिक्षण घेऊन आलेली, पंचविशीची, सदा हसतमुख. तिच्याबरोबर ते यंत्र आलं. टेबलावर एक पेटी, पेटीतून निघालेल्या वायरी, अर्धवर्तुळात मांडलेल्या सात बाकांवर सात डब्या आणि प्रत्येक डबीला जोडलेला हेडफोन. उमाने माईकमध्ये बोलायचं, मुलांनी ऐकायचं. पहिल्याच दिवशी तिने पत्र्याचा डबा वाजवला तसा खंडाळ्याचा गुंडा बाकावरून ताडकन उठला आणि रडायलाच लागला. त्याला थोडंफार ऐकू येत होतं, फक्त इतकी वर्षं ते कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. गुंडासाठी यंत्र देवासारखं धावून आलं, हे सुहासिनीबाईंनाही कबूल होतं. तेवढ्या काही त्या वाईट नव्हत्या.

पण मनू? मिरजेच्या डॉक्टरांनी मनूचे दोन्ही कान पूर्ण गेलेत असं लिहून दिलं होतं. तरी उमाने हौसेने तिला सातांमध्ये घेतलं, आणि महिन्याभरात मनू यंत्रावर शब्द ओळखायला लागली. उमा तोंडापुढे पुठ्ठा धरायची, म्हणजे ओठ दिसण्याचा प्रश्नच नाही. ती पुठ्ठ्याआडून 'पाणी' म्हणायची आणि मनू म्हणायची, 'पाणी'. सुहासिनीबाईंनी हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. खडू आणायच्या निमित्ताने, डस्टर विसरल्याच्या निमित्ताने त्या रोज उमाच्या वर्गाच्या दारात जाऊन उभ्या राहायच्या. उमाची पाठ दाराकडे असे आणि मुलांची तोंडं. मनू त्यांच्याकडे पाहून हातसुद्धा हलवत नसे. समोर नजर लावून बसायची. चार वर्षांची माया पोरीने चार आठवड्यांत विसरावी, याने बाईंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्या तरातरा निघून जायच्या आणि दुसऱ्या दिवशी परत यायच्या.

घरी मधुकररावांना हे कळत होतं की नाही कोण जाणे. ते फक्त जुनीच थट्टा करायचे. मुलांबरोबर न बोलता ओठ हलवायची बाईंची सवय इतकी हाडीमाशी खिळली होती, की कीर्तनातसुद्धा बुवांच्या जोडीने यांचे ओठ चालायचे. "मला ऐकू येतं गं," मधुकरराव जेवताना म्हणायचे, "माझ्यासाठी कशाला ओठ हलवतेस?"

आज चाचणी होती. ज्या मुलांना यंत्राचा उपयोग होतो ती दिवाळीनंतर कायमची उमाच्या वर्गात जाणार होती, बाकीची परत सुहासिनीबाईंकडे. दोन शब्द चुकले, की मनू आपली. एवढ्यासाठी ती पिन.

व्हरांड्यात मनूची आई हरणाबाई भेटली. पहाटेच्या एस.टी.ने आलेली, हातात गुळाची ढेप फडक्यात बांधलेली. नवरा नाथाजी पलटणीत, जम्मूकडे.

"बाई, ह्ये तुमास्नी," तिने ढेप पुढे केली. "आवं, आज मशिनीत बोलनार म्हनं माजी मनू?"

"बघू या."

"तुमी लय शिकवलंसा तिला. पानी म्हंती, भाकर म्हंती. पर सुट्टीला घरी आली की मला नुस्ता पदर वडती. आई म्हनून अजून एकडाव बी हाक मारली न्हाई बगा. मशिनीनं ऐकाय आलं तर म्हनंल न्हवं?"

बाईंना ते लागलं. चार वर्षांच्या मेहनतीचा हिशेब आई एका पदरावर करते, आणि आशा कोणाची धरते, तर मशिनीची. त्यांनी ढेप घेतली आणि त्या आत गेल्या.

वर्ग भरला. दार पालकांनी गच्च झालं, तेव्हा सुहासिनीबाई खिडकीपाशी, नकाशाच्या कपाटाला टेकून उभ्या राहिल्या. हरणाबाईला अनंतरावांनी मुलांसमोरच्या खुर्चीवर बसवलं. गुंडाने चारही शब्द बरोबर सांगितले. त्याच्या बापाने डोक्यावरची टोपी काढून हातात धरली आणि पुन्हा घातली.

मग मनूची पाळी आली. उमाने पुठ्ठा धरला आणि म्हटलं, "पाणी."

मनू गप्प. तिची नजर दारावर होती. दारात फेटे, टोप्या आणि लुगडी. ती बसल्या जागी मान वाकडी करकरून त्या गर्दीत काही शोधत होती. उमाने पेटीवरचं बटण थोडं फिरवलं. सुहासिनीबाईंना असा काही आनंद झाला की त्यांची त्यांनाच शरम वाटली.

"पाणी," उमा पुन्हा म्हणाली.

मनूची नजर दारावरून भिंतीवर, भिंतीवरून कपाटावर आली आणि थांबली. तिचा चेहरा उजळला.

"पा-णी," मनू म्हणाली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. उमा म्हणाली, "माकड." मनू खिडकीकडे बघतच म्हणाली, "माकड." सुहासिनीबाईंनी हळूच हात वर नेला आणि स्वतःच्या ओठांना लावला. ओठ अजून 'ड'वर उघडे होते.

म्हणजे रोज दारात उभं राहून आपणच. खडूच्या निमित्ताने, डस्टरच्या निमित्ताने. पोरीला यंत्रातलं अक्षर ऐकू आलं नव्हतं. ती समोर बघत होती ती उमाकडे नाही, उमाच्या खांद्यावरून दारात. हात कशाला हलवेल, ती तर धडा घेत होती. ज्या शब्दांवर आपण इतके दिवस जळलो ते सगळे आपलेच होते!

"बाहुली," उमाने म्हटलं.

बाईंनी पदर तोंडावर घट्ट दाबला. मनू थांबून राहिली. उमाकडे तिने पाहिलंही नाही. ती बाईंच्या पदराकडे बघत होती, पदर निघायची वाट बघत. उमाने पुन्हा म्हटलं, बटण आणखी फिरवलं. दारात कुजबुज सुरू झाली.

"आवं, काय झालं हिला?" हरणाबाई खुर्चीवरून अर्धी उठली. "आत्ता तर म्हनत हुती."

"घाबरली असेल," उमा म्हणाली. तिचा आवाज मात्र उतरला होता. "शेवटचा शब्द घेऊ. सोपा." तिने हरणाबाईकडे एकवार पाहिलं आणि पुठ्ठा वर केला.

आता फक्त गप्प राहायचं होतं. पदर होताच. एवढं मिनिट गेलं की मनू परत येणार होती, उद्यापासून तो तळवा परत गळ्यावर. सुहासिनीबाईंनी हरणाबाईकडे पाहिलं. तिने दोन्ही हातांनी खुर्चीची कड धरली होती.

बाई कपाटापासून निघाल्या. लोकांच्या पायांतून वाट काढत त्या हरणाबाईच्या खुर्चीमागे जाऊन उभ्या राहिल्या, अगदी तिच्या डोक्याला लागून. मनूची नजर त्यांच्या मागोमाग आली. बाईंनी पदर खाली केला.

"आई," पुठ्ठ्याआडून उमा म्हणाली.

बाईंनी तो शब्द ओठांवर नीट आणला. आधी तोंड मोठं, मग ओठ रुंद.

"आ-ई," मनू म्हणाली. अगदी समोर बघून.

हरणाबाईला वाटलं आपल्याकडेच बघून म्हणाली. कोणालाही तसंच वाटलं असतं. ती पदर डोळ्यांना लावून हमसून हमसून रडायला लागली. अनंतरावांचेही डोळे ओले झाले आणि त्यांनी यंत्राविषयी चार शब्द सांगितले.

पालक चहाला गेले. हरणाबाई वाटायला वेगळा आणलेला गूळ देत व्हरांड्याच्या टोकाला पोचली होती. उमा वायरी गुंडाळत होती. मनूच्या बाकाशी ती थबकली.

"बाई, हिची पिन निघालेली आहे." तिने ती उचलून दाखवली. "कधीपासून असेल? मग मनूने ऐकलं कसं?"

कोणाचा तरी धक्का लागला असेल, एवढं म्हटलं असतं तर निभावलं असतं. सुहासिनीबाईंनी तोंड उघडलं. तेवढ्यात मनू पळत आली, त्यांच्यापुढे टाचा उंचावून उभी राहिली आणि तिने आपला तळवा बाईंच्या गळ्यावर ठेवला. हाताला गूळ लागलेला होता. बाई काहीतरी म्हणणार आहेत एवढं तिने पाहिलं होतं, आणि आता ती ओठांकडे बघत होती.

बाईंनी आवंढा गिळला. तोही तिला कळला असणार.

"पिन," त्या म्हणाल्या. सावकाश, सुटं सुटं, रोज शिकवायच्या तसं. "मी काढली."

उमाचा हात वायरीसकट खाली आला.

मनूने नेहमीप्रमाणे म्हणून दाखवलं. "पिन मी काढली." आणि बरोबर आलं का, म्हणून ती बाईंच्या तोंडाकडे बघत उभी राहिली.