कल्हई उडालेली देगची

पहाटे नीलम्मा कपाळाला विभूती लावून चूल पेटवी. जर्मलच्या पातेल्यात चहा उकळे, नांदेडकडे जाणारी पहिली एसटी चाकूरच्या थांब्यावर येई, आणि गाडी हलली की उरलेला कोरा चहा ती चोथ्यासकट माझ्यात ओती. मित्रांनो, मी तिच्या हॉटेलातली जुनी तांब्याची देगची. माझ्या आतली कथलाची कल्हई कधीच उडाली होती, म्हणून गिऱ्हाइकांचा चहा माझ्यात होत नसे. चोथा साठवणे एवढेच काम मला उरले होते.

उदगीरच्या तांबटाने मला ठोकून घडवले. नीलम्माच्या लग्नात मी तिच्याबरोबर या घरी आले. माझ्यात पंगतींचा भात शिजला, पुढे हॉटेलचा चहाही झाला. तिचा नवरा वारला, संसार आखडला आणि माझी कल्हई पुढच्या बाजारावर ढकलली गेली. ती राहिलीच.

लातूर नवा जिल्हा झाला, त्या साली आमच्याकडे पावसाने पाठ फिरवली. बैलगाड्यांवर पाण्याची टिपाडे लांबून येत. जू घासून बैलांचे खांदे सोलवटले, त्यांत पू झाला. जखम धुवायला पाणी कुठले? नीलम्माने माझ्यातल्या शिळ्या चहाने आपल्या बैलाचा खांदा धुतला. काही दिवसांत पू हटला. मग गावचे बैल दारात येऊ लागले. "देगची लई गुणाची हाय," लोक म्हणत. मी सुखावले. माझ्या काठावर धरलेला हिरवट थर मात्र कुणी पाहिला नाही. रात्रभर तो चहा मला चाटत होता, माझे तांबे त्यात उतरत होते.

विहिरींच्या तळाचे गढूळ पाणी पिऊन घरोघरी हगवण लागली. नीलम्मा टँकरवर गेली असताना पारूबाई आपल्या नातवाला कडेवर घेऊन आली. गल्ल्यावर नीलम्माचा दीर मडिवाळप्पा होता.

"जखमंतले जंतू मरतेत, मंग पोटातले काय जावई हायेत?" तो हसला आणि त्याने माझ्यातून पेला भरला.

मला ओरडता आले नाही.

पोराने हिरवट ओकारी केली, त्याचे डोळे फिरले. नीलम्मा परतली. तिने पेला पाहिला, पोर पाहिले. तिने गाडी जुंपायला लावली. पोराबरोबर मलाही दवाखान्यात नेले.

डॉक्टरीणबाईंनी पोराला सलाईन लावले. मग माझा तळ नखाने खरवडला. "चहातला तुरट अंश आणि यातून सुटलेलं तांबं मिळून जंतूंना भारी पडत असेल," त्या म्हणाल्या. "पण जंतूंना मारणारं लेकराच्या आतड्यालाही सोडत नाही, बाई."

पोर वाचले. पण दुसऱ्या सकाळी दारात पेले घेऊन गर्दी उभी! "पारूबाईचं लेकरू देगचीनंच वाचलं!"

"सलाईननं वाचलं. देगचीनं तर घालवलंच होतं," नीलम्मा म्हणाली.

"उगं झाकू नको अक्का, आमालाबी दे."

त्या गर्दीत एका बाईच्या कडेवर तान्हे मूल होते. नीलम्माची नजर त्याच्यावर थबकली.

"वैनी, देगची बैलापुरती तरी अशीच ऱ्हाऊ द्या," मडिवाळप्पा खालच्या आवाजात म्हणाला.

"बैलाला म्हणून नेतील, भावजी, अन् घरी लेकराला पाजतील."

तिने मला मागच्या उकिरड्यावर रिकामे केले, पदराखाली घेतले आणि बाजारातल्या कल्हईवाल्याचा भाता गाठला. नवसागराचा पांढरा धूर उठला. कापसाच्या बोळ्याने कथील माझ्या अंगभर फिरले. माझे तांबे झाकले गेले, आणि त्याबरोबर माझा गुणही.

मित्रांनो, भांड्याची कल्हई उडाली तर पुढच्या बाजारावर ढकलू नका. आणि आमची कितीही स्तुती ऐकलीत, तरी आमच्यातले काय तुमच्या पोटात उतरते, ते आधी विचारा.

दुसऱ्या पहाटे माझ्यात गिऱ्हाइकांचा चहा उकळला. पहिला कप नीलम्माने मडिवाळप्पापुढे ठेवला. त्याने माझ्या पांढऱ्या काठाकडे पाहिले आणि कप उचलला. बाहेर बैलाच्या खांद्यावर पुन्हा माश्या घोंगावत होत्या. नीलम्मा उठली, पिण्यासाठी राखलेल्या घागरीतले पाणी तिने लोट्यात घेतले आणि त्याचा खांदा धुवायला गेली.