लालबीचा घास

मुरुमच्या मकबूल पिंजाऱ्याच्या घरात मेलेली बाई जितीपेक्षा चांगलं जेवायची. दर जुमेरातीला, म्हणजे गुरुवारी, त्याच्या पहिल्या बायकोच्या, लालबीच्या नावाची फातेहा पढली जायची आणि तिला आवडायचं तेच शिजायचं. चरबीचं मटण, वर तुपात भिजलेला मलीदा. मकबूलची आई बेगमबी लोबान जाळायची आणि पहिला घास अजीजाबीच्या तोंडात कोंबायची. अजीजाबी लालबीची धाकटी बहीण, आता तिच्या जागी आणलेली बायको. मेलीच्या नावाचा घास तिच्या जागेवर आलेलीनं खायचा, म्हणजे मेलेली शांत राहते, असा त्या घरचा रिवाज.

लालबी काही शांत राहत नव्हती. घास खाऊन अजीजाबी भांडी घासायला बसली की उजव्या बरगडीखाली कळ निघायची आणि पाठीतून खांद्यावर चढायची. श्वास अर्ध्यावर अडकायचा.

"आपा धरतीय," ती म्हणायची. सगळी आळी तेच म्हणायची. म्हणून बेगमबी तूप वाढवायची. तूप वाढलं की कळ वाढायची, कळ वाढली की आणखी तूप. असली अक्कल आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवतात.

मग अजीजाबीचे डोळे पिवळे झाले. लघवी काळ्या चहासारखी, शौच पांढऱ्या मातीसारखं. अंग खाजवून खाजवून रक्त निघायचं. एका बाबानं तापल्या विळ्यानं पोटावर डाग दिले. त्यानं कावीळ उतरली नाही, कातडं तेवढं जळालं. थंडी वाजून ताप भरायला लागला, ती बरळायला लागली, तेव्हा शेजारचा शरणप्पा मकबूलच्या अंगावर धावून गेला.

"एकीला माती दिलीस, आता दुसरीलाबी देतोस का रे? उचल तिला!"

त्यानंच त्यांना उस्मानाबादच्या एस.टी.त बसवलं. बेगमबीही पुटपुटत मागून चढली.

दवाखान्यात डॉक्टर बिराजदारांनी बरगडीखाली बोटं रुतवली. "श्वास घ्या."

घेतला, आणि मध्येच अडकला.

"कधी दुखतं?"

"जुमेरातीला."

"वार बघून दुखणारं पोट पहिल्यांदाच बघतोय. जुमेरातीला खाता काय?"

तिनं सांगितलं. डॉक्टर हसले नाहीत. मकबूलला बाजूला घेऊन म्हणाले, "पित्ताच्या पिशवीत खडे झालेत. तुपकट पोटात गेलं की पिशवी आवळते, मग कळ. आता एक खडा खाली सरकून नळीत अडकलाय. पित्त आतड्यात उतरत नाही, रक्तात चढतंय. आत पू धरलाय. पोट उघडून नळी मोकळी केली नाही, तर ही जगत नाही."

"अन्‌ केली तर?"

"तर बहुतेक जगेल. खात्री मागू नका. काविळीत रक्त लवकर थांबत नाही. आधी रक्त गोठायच्या सुया, मग सुरी."

मकबूल तयार झाला. अडली ती अजीजाबी. "आपा आत हाय, डागदरसाब. सुरी तिला लागंल. बहिणीला कापून म्या जगू?"

डॉक्टर चिडले, पण तिला परत पाठवलं नाही. सलाईन लावलं, तापावर औषध सुरू केलं, तोंडानं नुसती भाताची पेज. जुमेरात आली. अजीजाबी दिवसभर दाराकडं बघत राहिली. लोबानाची वेळ झाली तशी तिनं उशी पोटाशी घट्ट धरली. लालबी आली नाही. सुटका झाल्यासारखं वाटायचं, तर उलट तिला रडू फुटलं. आपा रुसली.

दोन दिवसांनी वॉर्डातल्या अयोध्या सिस्टरची पाठ वळल्याचं बघून बेगमबीनं बुरख्याखालून डबा काढला.

"खा गं. जुमेरात चुकली. तिकडं घरात भांडी आपटतीय म्हणं ती."

अजीजाबीनं मलीदा खाल्ला. घटकाभरानं कळ अशी आली की ती खाटेवरून खाली पडली. सिस्टरनं बेगमबीला शिव्या देत बाहेर काढलं. कळ ओसरली तेव्हा अजीजाबीनं विचारलं, "सिस्टर, आज वार कोणता?"

"शनिवार."

जुमेरात परवाच होऊन गेली होती, हे तिनं बोटांवर मोजलं. मग म्हणाली, "डागदरसाबास्नी सांगा. कापा म्हणावं."

डागांच्या व्रणांवरूनच सुरी चालवावी लागली. पिशवी यकृताला चिकटलेली, नळी अंगठ्याएवढी फुगलेली. नळीला छेद दिला तसा हिरवट पू उसळला आणि त्यामागून खडा. रक्त थांबेना. डॉक्टर कापड दाबून तसेच उभे राहिले, थांबेपर्यंत. नळीत रबराची बारकी नळी ठेवून पोट शिवलं.

ती शुद्धीवर आली, बोलायला लागली, तेव्हा त्यांनी वाटीत खडे दाखवले. चिंचोक्यांएवढे. "ही तुमची आपा."

अजीजाबी हसली नाही. खाटेशी बसलेल्या सासूकडं तिनं मान वळवली. "अम्मा, आपाचे डोळे पिवळे झालते?"

बेगमबी खाटेवरची चादर सारखी करायला लागली.

"बोला की."

"झालते."

"थंडी वाजायची?"

"वाजायची. म्या म्हणायची, कामाला भेती, नाटकं करती."

"अन्‌ खायला?"

"ताकद यावी म्हणून... तूप."

"आधी तिला मरू दिलं," अजीजाबी म्हणाली. "मग तिलाच हडळ केलं. रोज शिव्या घातल्या. म्याबी घातल्या."

दारात उभा मकबूल भिंतीला टेकला. "बाबानं सांगितलं व्हतं," तो म्हणाला. "तिच्या कबरीच्या चारी कोपऱ्यांत खिळे ठोकलेत म्या. तिला भायेर येता येऊ नये म्हणून."

अजीजाबीच्या पोटातून निघालेल्या नळीतून बाटलीत पित्त थेंब थेंब पडत होतं.

"जावा," ती म्हणाली. "काढून या."

"तू घरला ये, मग..."

"आधी जावा."

तो दुपारच्या गाडीनं गेला. लोहाराची पकड घेऊन कबरस्तानात शिरला. तीन खिळे गंजून लाल झालेले, मातीसकट निघाले. चौथा, उशाकडचा, धरला तर खिळ्याचं डोकं तेवढं पकडीत तुटून आलं. बाकीचा आत. मकबूल बोटांनी उकरत राहिला, नखं फाटेपर्यंत. जितकं उकरावं तितका तो खाली. शेवटी त्यानं माती सारखी केली आणि मागं न बघता निघाला.

दुसऱ्या दिवशी खाटेशी आला तेव्हा अजीजाबीनं डोळे उघडले. ते आता जरा पांढरे दिसायला लागले होते.

"निघाले सगळे?"

फाटलेली बोटं मकबूलनं पाठीमागं नेली.

"व्हय," तो म्हणाला. "सगळे."