पोच कोणी दिली

आमच्या कारखान्यात हाडं आणि कातडी शिजवून जिलेटिन काढतात. ते पुढे गोळ्यांच्या कॅप्सूलमध्ये जातं, मिठाईत जातं, लोक मिटक्या मारत खातात. आत काय शिजतंय ते एकदा पाहिलं तर घास घशाखाली उतरणार नाही. चुन्याच्या टाक्यांत महिना महिना भिजणारी कातडी, वर तरंगणारा पिवळट फेस, आणि त्या सगळ्याचं धुणं जिथे जाऊन साचतं तो मागचा सांडपाण्याचा खड्डा. नवा माणूस पहिल्या दिवशी ओकतो आणि आठवड्याने तिथेच बसून डबा खातो.

मी त्या घाणीपासून दोन दारं लांब, कंट्रोल रूममध्ये बसते. माझं काम रेघांचं. कारखान्यात जिथे जिथे तापमान, दाब, पातळी, वायू मोजला जातो तिथला आकडा दर सेकंदाला आमच्या संगणकात साठतो, आणि कुठलाही दिवस, कुठलीही वेळ काढून त्याची रेघ पडद्यावर पाहता येते. त्याच्याच शेजारी अलार्मची यादी असते. कुठला अलार्म कधी वाजला, आणि तो पाहिल्याची पोच कोणी, किती वाजता दिली. ही यादी मराठीत आणली ती मीच. ‘पोच’ हा शब्दही माझाच, आणि मला त्याचा अभिमान होता. लोक मला रेघवाल्या ताई म्हणतात.

बोर्डावर, म्हणजे मुख्य पडद्यांसमोर, माझा मामा. आईचा सख्खा धाकटा भाऊ. तीस वर्षं तिथे बसून तो अख्ख्या कारखान्याचा मामा झाला. मॅनेजरही त्याला मामाच म्हणतो. त्यामुळे चारचौघांत त्याला मामा म्हणताना मला उगाच त्यातलीच एक झाल्यासारखं वाटतं, आणि मी तिथे त्याला अहो-जाहो करते. घरी अरे-तुरे.

संगणकावर त्याचं नावही ‘मामा’ असंच टाकलेलं आहे. पासवर्ड दर तीन महिन्यांनी बदलावा लागतो, तो मामाच्या लक्षात राहत नाही, म्हणून तो चिठ्ठीवर लिहून कीबोर्डखाली ठेवतो. सकाळी मामाच्या नावाने सगळे पडदे उघडतात आणि तिन्ही पाळ्या त्याच नावावर चालतात. बाहेर पडून आपल्या नावाने पुन्हा आत यायचं तर रेघा उघडायला चार मिनिटं लागतात. कोण थांबतंय? हे मला ठाऊक होतं. थांबवणं माझं काम होतं, आणि मी स्वतःच मामाच्या नावाने बसत होते.

त्या मंगळवारी सकाळी खड्ड्यातल्या पंपाचा फिटर खाली उतरला आणि वर आला नाही. अकराच्या सुमाराला त्याला दोरीने ओढून काढलं. चुन्याच्या धुण्यात कुठूनतरी आम्ल मिसळलं होतं आणि खड्ड्यात वायू भरला होता. या वायूला आधी कुजक्या अंड्यांचा वास येतो. वायू वाढला की नाकच बधिर होतं आणि वास यायचा थांबतो. माणसाला वाटतं, चला, गेला एकदाचा. फिटर वाचला, पण बायकोला ओळखत नव्हता. ती दवाखान्याच्या बाकावर त्याचे बूट मांडीवर घेऊन बसली होती आणि बुटांना अजून तो वास येत होता.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने मला बोलावलं. फिटरच्या कामाचा परवाना त्याच्या टेबलावर होता, आणि बोलता बोलता हा माणूस त्याच परवान्याचा कोपरा दुमडून दात कोरत होता. मला शिसारी आली. मुख्य कार्यालयातून चौकशीला एक बाई येणार होत्या, त्यांना दाखवायला एक पान हवं होतं. वायूची रेघ, आणि खाली अलार्मची एकच ओळ. वायूचा अलार्म दहा एक्केचाळीसला वाजला, दहा बेचाळीसला पोच दिली, पोच देणारा मामा. पोच दिली की खड्ड्यापाशीचा भोंगा आणि लाल दिवा बंद होतो. फिटर भोंगा ऐकून बाजूला उभा होता, तो बंद झाल्यावर उतरला. म्हणजे यंत्रणा ठीक होती आणि माणूस चुकला, असं मॅनेजरने मला समजावलं, जणू मला ते माहीतच नव्हतं.

मी म्हटलं, त्या सकाळी एकूण तीनशे बारा अलार्म वाजलेत, तेही यादीत आहेत. त्यातले जवळजवळ सगळे बोंबल्याचे. बोंबल्या म्हणजे गोदामाच्या दाराचा बिघडलेला स्विच. वारा आला की ओरडतो. त्याच्या दुरुस्तीचा अर्ज तीनदा मॅनेजरच्याच टेबलावरून परत आला होता.

“तो कचरा कशाला दाखवायचा?” तो म्हणाला. “बाईंना एक ओळ पुरे. मामांच्या निवृत्तीला तीन महिने राहिलेत, त्यांना काय फरक पडतो?”

फरक हा पडत होता की मामावर पोलिसांत तक्रार जाणार होती. तीस वर्षं बोर्डावर बसलेला माणूस फिटरच्या बायकोसमोर गुन्हेगार म्हणून उभा राहणार होता. सगळ्या कारखान्याचा मामा, त्याला आता सरळसरळ मामा बनवत होते. मी ते पान बनवून देते म्हटलं आणि बाहेर येऊन हात धुतले.

संध्याकाळी मामाकडे गेले. मामीने दार उघडलं, ती रडून बसली होती. मामा जेवत होता, म्हणजे ताटातलं इकडचं तिकडे करत होता. मी भडकलेच होते. त्याला विचारलं की पोच तू दिलीस का. तो म्हणाला, यादीत लिहिलंय ना. मी म्हटलं, यादीत काय, सगळ्यांचंच तुझ्या नावाने लिहिलेलं असतं, तू होतास का तिथे?

“मी चुन्याच्या टाकीवर गेलो होतो. तिथला आकडा पटत नव्हता म्हणून हाताने माप घ्यायला. बोर्ड सोडून गेलो, चूक माझीच.”

“असा कसा सोडून गेलास?”

“सांगून गेलो होतो.”

कोणाला, म्हणून विचारलं तर त्याने ताटातच पाणी ओतलं आणि उठला. तुझ्या असल्या भिडस्तपणाचा मला वीट आलाय, असं मी त्याला तोंडावर म्हटलं. तो नुसता म्हणाला, “जा घरी, तायडे. उगाच खोदत बसू नकोस.” हा पाळीप्रमुखाला पाठीशी घालतोय अशी माझी खात्री झाली. तो लोचट माणूस दिवसभर मॅनेजरच्या मागे मागे असायचा, आणि त्याला पकडायच्या कल्पनेने मला त्या रात्री छान झोप लागली.

सकाळी आठला मी कामावर हजर. आधी मामाची हाताने लिहायची वही काढली. संगणक आला तरी त्याने ती सोडली नाही, त्यावरून आम्ही सगळे त्याची थट्टा करायचो. मंगळवारच्या पानावर त्याच्या तिरक्या अक्षरात होतं: दहा चाळीस, टाकी चार, माप घेतले. टाकी चारपासून बोर्डापर्यंत यायला पाच मिनिटं लागतात. म्हणजे दहा बेचाळीसची पोच मामाची नाही. मला इतका आनंद झाला की मी वहीचा फोटो दोनदा काढला.

आता पोच देणारा शोधायचा. यादीत आणखी एक रकाना असतो, पोच कुठल्या टर्मिनलवरून दिली त्याचा. तो कोणाला दिसत नाही, कारण चार वर्षांपूर्वी पानावर गर्दी होते म्हणून तो मीच लपवला होता. साठलेली नोंद कोणालाही बदलता येत नाही. काय दाखवायचं आणि काय झाकायचं, ते मात्र माझ्या हातात आहे. टर्मिनल एक आणि दोन बोर्डावर. चार पाळीप्रमुखाच्या केबिनमध्ये. मी चार पाहायच्या तयारीने रकाना उघडला.

तिथे तीन होता.

तीन मागच्या भिंतीजवळ आहे. तिथे मी बसते. दुसरं कोणी तिथे बसत नाही, कारण कीबोर्डवर माझ्या चहाचे ओघळ आहेत आणि अर्धी बटणं चिकटतात.

मग माझी मंगळवारची फाइल उघडली. मंगळवारी मी मॅनेजरसाठी एक सादरीकरण करत होते. विषय, ‘अलार्म व्यवस्थापनात झालेली सुधारणा’. पहिल्याच पानावर अलार्मच्या यादीचं चित्र हवं होतं, आणि यादी लालभडक लुकलुकत होती. बोंबल्या ओरडत होता. पानातल्या सगळ्या ओळींना एकदम पोच द्यायचं एक बटण आहे. ते दाबलं की लाल शांत होतं, खोलीतला हूटर थांबतो. मी ते दाबलं आणि चित्र घेतलं. चित्राची वेळ दहा बेचाळीस आणि चाळीस सेकंद. मोठं करून पाहिलं तर वरून सहाव्या ओळीत, बोंबल्याच्या पाच ओळींखाली, वायूचा अलार्म होता. स्वच्छ, शांत, पोच दिलेला. ते चित्र मी मॅनेजरला पाठवलं होतं आणि त्याने अंगठ्याचं चिन्ह पाठवून शाबासकी दिली होती.

मग ते ‘सांगून गेलो होतो’ आठवलं. मामा माझ्या खुर्चीमागे थांबून म्हणाला होता, बोर्डाकडे लक्ष ठेव जरा, आलोच. मी मान वर न करता हं म्हटलं होतं. माझ्या त्या हं-ची आठवण झाली. मी संडासात जाऊन ओकले. पहिल्या दिवशीसुद्धा ओकले नव्हते.

तोंड धुऊन परत आले आणि काय केलं, तर रकाना पुन्हा लपवला. खोटं कशाला बोलू? लपवला, एका ओळीचं पान छापलं, ते फाइलमध्ये घातलं. माझ्या मनात कारणं भराभर तयार होत होती. मामा स्वतःच कबूल करतोय. त्याचे तीनच महिने राहिलेत. मॅनेजरचं वाक्य माझ्या डोक्यात माझ्याच आवाजात चालू होतं, आणि दात कोरणाऱ्या त्या माणसापेक्षा मला माझीच जास्त किळस आली.

चौकशी अकराला सुरू झाली. कंट्रोल रूमला लागूनच बैठकीची खोली आहे, मध्ये काचेची भिंत. चौकशीच्या बाई नाकाला रुमाल लावून बसल्या होत्या, त्यांना अजून सवय नव्हती. मॅनेजरने माझं पान पडद्यावर लावायला सांगितलं. मी लावलं. वायूची रेघ सरळ चालत येऊन एकदम चढत होती, आणि पोच दिल्यानंतरही चढतच होती.

बाईंनी मामाला विचारलं की ही पोच तुम्ही दिली का. मामाने इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्याने पडद्याकडे पाहिलंच नाही. “हो,” तो म्हणाला. “मीच दिली.”

मॅनेजर म्हणाला, मामा, मनाला लावून घेऊ नका, माणूस म्हटलं की चुका होतात. त्याने कागद पुढे सरकवला आणि सही कुठे करायची ते दाखवलं. मामाने खिशातून पेन काढलं, तेच वहीत लिहायचं. तो सही करायला लागला, आणि पहिलं अक्षर होताच मी उठून संगणकापाशी गेले.

मी आधी यादीवरची, ती एकच ओळ दाखवणारी गाळणी काढली. तीनशे बारा ओळी पडद्यावर उतरल्या, बोंबल्या, बोंबल्या, बोंबल्या. मॅनेजर काहीतरी बोलत होता. मग रकान्यांची यादी उघडली आणि लपवलेल्या रकान्यावर खूण केली. वायूच्या ओळीत शेवटी एक आकडा आला. मामा म्हणाला, “तायडे, बस खाली.” कामाच्या ठिकाणी त्याने मला अशी हाक कधी मारली नव्हती.

“हे तीन म्हणजे काय?” बाईंनी विचारलं.

“असेल कुठलंतरी टर्मिनल,” मॅनेजर म्हणाला. “सगळीकडे त्यांचंच नाव चालतं.”

“मागच्या भिंतीजवळचं आहे,” मी म्हटलं. “तिथे मी बसते. मामा तेव्हा चार नंबरच्या टाकीवर होता, जाताना मला सांगून गेला होता. पोच मी दिली. मला चित्रात लाल नको होतं.”

बाईंनी रुमाल खाली घेतला आणि लिहायला लागल्या. मामाने पेनचं टोपण लावलं, पुन्हा काढलं, पुन्हा लावलं. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. पडद्यावर ती रेघ तशीच चढत होती. ती कुठे थांबली ते पाहायचं माझं अजून धाडस झालेलं नाही.

काचेपलीकडे बोंबल्या ओरडायला लागला. कोणीतरी दोन सेकंदांत त्याला गप्प केलं. कोणी केलं ते इथून दिसलं नाही, पण आमच्यासमोरच्या यादीत लगेच नवी ओळ आली. पोच: मामा.